वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं: बीजगणित शिकवायला लागणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर √(क्ष + ६) = क्ष हे समीकरण सोडवलं. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष² − क्ष − ६ = ० आलं, अवयव पाडले आणि ३ व −२ अशी दोन उत्तरं लिहून चौकट केली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, क्षच्या जागी उणे दोन घातले तर डावीकडे चाराचं वर्गमूळ, म्हणजे दोन येतात. उजवीकडे उणे दोनच. मग हे सारखे कसे?" तास संपत आला होता. "ते उणे दोन सोडून दे," एवढंच मी म्हणालो. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं.

दापोली तालुक्यात खाडीकाठच्या शाळेत शिकवायला लागून आता मला चौदा वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणी यंदा पहिल्यांदा नववी-दहावीचं बीजगणित हातात घेत असेल, तर त्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं ते आधी सांगतो.

३ = −३ हे खोटं आहे. पण दोन्ही बाजूंचा वर्ग करा, ९ = ९ मिळतं आणि ते खरं आहे. वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं. म्हणून क्ष + ६ = क्ष² लिहिलं की त्यात √(क्ष + ६) = क्ष हे आपलं समीकरण असतं, आणि √(क्ष + ६) = −क्ष हे शेजारचंही येऊन बसतं. −२ हे त्या शेजारच्याचं मूळ. मी त्याला 'उपरं मूळ' म्हणतो. ही दोन समीकरणं फळ्यावर शेजारीशेजारी लिहा. "पडताळा घ्या" असं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते त्याने होतं.

याची मुळं नववीत आहेत. 'वास्तव संख्या' या प्रकरणात करणी (√२ सारखी, पूर्ण न सुटणारी मुळं) येते तेव्हाच एक अख्खा तास एका गोष्टीला द्या: क्ष² = ४ ची मुळं दोन, २ आणि −२; पण √४ म्हणजे फक्त २. हे कच्चं राहिलं की दहावीत प्रत्येक √ पुढे मुलं आपोआप ± लावतात, आणि मग −२ का नको हे त्यांना पटवता येत नाही.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'वर्गसमीकरणे' हे दुसरंच प्रकरण आहे. क्रमाने गेलात तर ते नेमकं जुलैत, लावणीच्या दिवसांत येतं. आमच्याकडे तेव्हा वर्ग अजूनही विरळ होतो. चिखलातून उठून पोरांनी शाळेत यावं असं म्हणणं सोपं आहे, पण घरात हात कमी असतात. त्या आठवड्यांत मी नवीन काही सुरू करत नाही. तोंडी अवयव घेतो: गुणाकार −६, बेरीज −१, सांगा संख्या. पूर्ण वर्ग पद्धत सगळे परत आल्यावरच.

सूत्रात किमती घालणं मुलं लवकर शिकतात, त्याची फार काळजी करू नका. वेळ द्यायचा तो मूळ नाकारण्याला. त्यासाठी मी मुलांना वापरात नसलेल्या एका चिरेबंदी विहिरीवर नेतो. चिऱ्याचा खडा सोडायचा आणि पाण्याचा आवाज येईपर्यंत मोबाइलवर वेळ मोजायची. सेकंदांचा वर्ग गुणिले ५, की पाण्यापर्यंतची खोली साधारण मीटरमध्ये मिळते. दीड सेकंद म्हणजे सुमारे ११ मीटर. मग दोराला दगड बांधून सोडायचा आणि ओल्या खुणेपर्यंत दोर मोजायचा. बोट दाबायला थोडा उशीर होतो, म्हणून अंतर जरा चुकतं. ते का चुकलं यावरही बोलू द्या. शेवटी उलटा प्रश्न: पाणी २० मीटरवर असेल तर वेळ किती? ५व² = २०, म्हणून व = २ किंवा −२.

इथे थांबा. हे −२ समीकरणात घातलं तर चोख बसतं. ते आपण टाकतो, कारण खडा सोडण्याआधी आवाज येत नाही. त्या मुलीचं −२ मात्र समीकरणातच बसत नव्हतं. दोन्ही वेळा मुलं "ऋण आहे म्हणून नको" असं लिहितात आणि आपण बरोबरची खूण करतो. करू नका. पुढे क्ष + ५ = ० सारख्या साध्या समीकरणातही −५ टाकून देणारी मुलं मी पाहिली आहेत.

याच्या उलटी चूक क्ष² = ५क्ष मध्ये होते. क्षने भागलं की ० हे खरंखुरं मूळ हरवतं.

समीकरणात न बसणं आणि प्रसंगात न बसणं, ही मूळ नाकारण्याची दोन्ही कारणं एकत्र दाखवायला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं (११५०) भुंग्यांचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ इतके भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले. उरली एक जोडी: सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात अडकलेला एक भुंगा आणि बाहेर गुणगुणणारी भुंगी. तर थवा केवढा? थवा २य² माना, म्हणजे वर्गमूळ य येतं आणि करणी उरतच नाही. समीकरण होतं २य² − ९य − १८ = ०. य = ६ किंवा −३/२; थवा ७२ किंवा साडेचार.

"अर्धा भुंगा नसतो" असं लिहिलेल्या वहीला मी अर्धेच गुण देतो आणि साडेचार घालून बघायला सांगतो. निम्म्याचं वर्गमूळ दीड, आठ नवमांश चार, वर दोन. बेरीज साडेसात. भुंगे बाजूला ठेवले तरी साडेचार बसत नाही. बसायला वर्गमूळ उणे दीड हवं. एवढी ओळ वहीत आली की मग पूर्ण गुण.