गाडीखाली शिरण्याआधी: सोलापूरच्या गारठ्याची तयारी

सोलापुरात थंडी पडते म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे हसतात, आणि मे महिन्यातले 43-44 अंश भोगलेले आपणही डिसेंबर-जानेवारीला फारसं मनावर घेत नाही. पण संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या मागच्या-पुढच्या दिवसांत, पारा बारा-तेरावर उतरलेला असताना, पहाटे साडेसहाला पत्र्याच्या शेडमध्ये शहाबादी फरशीवर पाठ टेकून बघा. दहा मिनिटांत खांदे आखडतात. आमच्यासारख्यांना गाडीच्या कामाला रविवारची सकाळच मिळते, म्हणून तयारी शनिवारी रात्रीच करून ठेवायची.

सगळ्यात आधी फरशी. लोक स्वेटरवर स्वेटर चढवतात, पण गाडीखाली झोपून काम करणाऱ्याला गारठा खालून लागतो. दगड अंगातली ऊब शोषत राहतो आणि पाठीखाली दबलेल्या स्वेटरचा काही उपयोग होत नाही. मी तीन थर घालतो. तळाला ताडपत्रीचा तुकडा, म्हणजे फरशीची ओल वर येत नाही. त्यावर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, दुहेरी. पुठ्ठ्याच्या नळ्यांत हवा अडकलेली असते, खरं काम तीच करते. म्हणून दबून चपटा झालेला पुठ्ठा बदलायचा, साठवून ठेवायचा नाही. सगळ्यात वर जुनी सोलापुरी चादर. आमच्या घरातली एक चादर वीसेक वर्षांची आहे, मोराची नक्षी मधोमध विरून गेली आहे, पण वीण अजून घट्ट आहे. सुटलेले धागे आधी कापून टाका, नाहीतर ते जॅकच्या चाकात गुंततात. चादरीवर ऑइल सांडलं तर ती लगेच काढा. तेलकट, ओलं सूत ऊब धरत नाही आणि पेटायला मात्र सोपं असतं. आणि हे विसरू नका: हे थर फक्त अंगाखाली. जॅक आणि स्टँड उघड्या, घट्ट फरशीवरच बसले पाहिजेत. पुठ्ठ्यावर ठेवलेला स्टँड सरकतो आणि वर अख्खी गाडी असते.

अंगावर बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर लोकरीचा स्वेटर, तोही अंगाबरोबर बसणारा. मफलर घरी ठेवा आणि कानटोपी घाला. मफलरचं टोक इंजिनच्या फिरत्या पट्ट्यात अडकायला क्षण लागत नाही, आणि कित्येक गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद केल्यावरही आपोआप फिरू लागतो. ग्राइंडर वापरणार असाल तर पॉलिस्टरचं जॅकेट नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पायात जाड मोजे आणि बंद बूट. चप्पल घालून काम करू नका, थंडीत नाहीच, उन्हाळ्यातही नाही.

हातांची तयारी वेगळी. पाना आणि त्याच्या शेजारी पडलेली लाकडी ठोकळी यांचं तापमान एकच असतं, पण लोखंड बोटांतली ऊब झपाट्याने ओढून घेतं. म्हणून पान्यांची पेटी रात्री डिकीत राहू देऊ नका, घरात आणा. सकाळी सॉकेट सेट आणि रिंग पाने एका ताटात मांडून त्यावर शेकायची गरम पाण्याची पिशवी ठेवा. लोकरीच्या हातमोज्यात नट धरता येत नाही. आत पातळ सुती हातमोजे आणि वरून नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) चालतात. ओले झाले की बदला. पेट्रोलने पार्ट धुवायचे असतील तर ते काम ऊन वर आल्यावर उघड्यावर करा, कारण पेट्रोल उडताना बोटं आणखी गार करतं.

आता ऊब आणायच्या वाटा, आणि इथे मला कळकळीने सांगायचं आहे. काही वर्षांपूर्वी मी शटर अर्धं ओढून ‘पाचच मिनिटं’ इंजिन चालू ठेवलं होतं. डोकं ठणकायला लागलं, ते मी थंडीवर ढकललं. बायको चहा घेऊन आली, तिने शटर वर केलं आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अर्धं शटर पुरत नाही. इंजिन चालू करायचं तर गाडी बाहेर काढा. कोळशाची शेगडीही हाच वायू सोडते, शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत विस्तवापर्यंत पोचते. लाल कॉइलच्या हीटरनेही ही वाफ पेटू शकते, आणि 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 अँपिअर ओढतो. घरातला 6 अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यासाठी नसतो.

आपल्याला त्याची गरजही नाही, कारण सोलापूरचं ऊन हाताशी आहे. नऊनंतर पत्रा तापू लागतो आणि अकराला स्वेटर उतरवावा लागतो. कामांचा क्रम त्याप्रमाणे लावा. पहाटे बॉनेट उघडून उभ्याने करायची कामं, बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टर. गाडीखालची कामं नऊनंतर. ऑइल बदलायचं असेल तर आधी होटगी रोडला एक चक्कर मारून या. ऑइल पातळ होऊन चेंबरमधून (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतून) नीट उतरतं आणि बॉनेटखाली हात शेकायला ऊब मिळते. मात्र सायलेन्सरचा पाइप निवायला वेळ द्या. रबरी होज ताठ झाले असतील तर ओढू नका, गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. जुन्या गाडीतले प्लास्टिकचे क्लिपही असेच सैल करा.

थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. रिकाम्या पोटी अंग तापत नाही. खाण्याआधी हात साबणाने धुवा, ग्रीस पोटात जायला नको. कोरड्या हवेत तहान जाणवत नाही, तरी पाणी प्या.

शेवटची तपासणी बोटांची. स्पार्क प्लगचे पहिले दोन-तीन आटे नेहमी बोटांनीच फिरवायचे असतात, पाना नंतर. बोटं बधिर असली की आटा तिरका बसला तरी कळत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातले, आटे एकदा गेले की खर्च मोठा. म्हणून प्लग हातात घ्यायच्या आधी एखादा सुटा नट बोल्टवर बोटांनी चढवून बघा. तो सहज चढला नाही तर गाडीखालून बाहेर या, हात काखेत धरा आणि पाच मिनिटं उन्हात उभे राहा.