फी माफ आहे हे इंग्रजीत कसं लिहायचं

विश्रामबागला भाचीचा कॉलेजचा अर्ज बघत होतो, तिनं लिहिलेलं 'आय ॲम फ्री फ्रॉम फी'. अर्थ कळतो ओ, पण असं कुणी लिहित नाही. आपल्याकडं 'माफ' एकच शब्द सगळीकडं चालतो आणि इंग्रजीत तो फुटतो, तिथंच पोरं अडकतात.

नियमानंच तुम्हाला लागू नसेल तर 'एक्झेम्प्ट फ्रॉम'. म्हणजे आपल्या सांगलीच्या द्राक्षवाल्याचं शेतीचं उत्पन्न 'इज एक्झेम्प्ट फ्रॉम इन्कम टॅक्स'. पुढं फ्रॉमच येतं, 'ऑफ' लावू नका, ही चूक मी लय बघतो. आणि 'वेव्ह' म्हणजे वरच्यानं आपला हक्क सोडून देणं, म्हणून कर्जमाफीला 'लोन वेव्हर' म्हणतात. कॉलेज फी वेव्ह करतं, विद्यार्थी करत नाही, त्यामुळं अर्जात 'काइंडली वेव्ह माय फी' लिहा, बरोबर आहे. फक्त स्पेलिंगमध्ये मधे आय पाहिजे, नाहीतर हात हलवणं होतं.

आजारी आहे म्हणून पीटीला सुट्टी पाहिजे तर 'एक्सक्यूज्ड फ्रॉम पीटी'.

चूक केली पण सोडून दिलं, तिथं 'लेट ऑफ'. सिग्नल तोडला, पोलिसांनी दम देऊन सोडलं तर 'ही वॉज लेट ऑफ विथ अ वॉर्निंग'. 'ऑफ द हुक' पण तसंच, गळातनं मासा सुटल्यासारखं, पण ते बोलण्यात ठेवा, अर्जात अजिबात नको.