डिटेक्टिव्हच्या डोळ्यांतून सीन कसा शूट करायचा (आणि आरशात कॅमेरा कसा लपवायचा)

1947 च्या 'लेडी इन द लेक'मध्ये रॉबर्ट माँटगोमेरीने दिग्दर्शन पण केलं आणि फिलिप मार्लो हा डिटेक्टिव्ह पण स्वतःच केला, आणि मधेमधे मार्लो ऑफिसात बसून आपल्याशी बोलतो तेवढं सोडलं तर जवळपास अख्खा सिनेमा त्याच्या नजरेतून दाखवला. कॅमेरा म्हणजेच मार्लो. लोक लेन्समध्ये बघून बोलतात, ठोसा पण लेन्सवरच येतो आणि त्याचा चेहरा दिसतो तो फक्त आरशात. असा एक सीन घरच्या घरी मोबाईलवर नक्की करता येतो.

आधी एक सांगतो, नेटवर सगळीकडे सल्ला असतो की गोप्रो डोक्याला बांधा आणि चालायला लागा. अजिबात करू नका. चालताना डोक्याला बसणारे हिसके आपल्याला स्वतःला जाणवत नाहीत पण पडद्यावर सगळे दिसतात, बघणाऱ्याला गरगरतं. कॅमेरा दोन्ही हातांत, डोळ्यांच्या उंचीवर, गुडघे किंचित वाकवून.

लाईट: एकच दिवा, बाजूने, बाकी खोली काळोखी.

समोरच्या नटाने लेन्सकडेच बघायचं, कॅमेरा धरणाऱ्याकडे नाही. सिगरेट, फोन, दाराची कडी यासाठी डिटेक्टिव्हचा हात फ्रेममध्ये खालून येऊ दे.

आता आरसा. भल्याभल्यांची गाडी इथेच अडते आणि मला स्वतःला हे जमायला बराच वेळ लागला. लोक सांगतात "जरा तिरका अँगल घे", पण जरा म्हणजे किती ते कोणीच सांगत नाही. नियम साधा आहे: लेन्सपासून भिंतीपर्यंत काटकोनात सरळ रेघ काढा, ती भिंतीला जिथे टेकते तिथेच लेन्सला स्वतःचं प्रतिबिंब दिसू शकतं. तिथे आरसा नसून नुसती भिंत असेल तर कॅमेरा दिसणं शक्यच नाही. म्हणून कॅमेरा आरशाच्या कडेच्या बाहेर ठेवायचा. समजा आरसा 2 फूट रुंद आहे, तर कॅमेरा डाव्या कडेच्या अर्धा फूट बाहेर, भिंतीपासून 4 फुटांवर ठेवा आणि लेन्स आरशाच्या मध्यावर वळवा. आता कॅमेरा मध्यापासून दीड फूट डावीकडे आहे, तर डिटेक्टिव्हचं काम करणारा नट (आरशात दिसायचा चेहरा त्याचाच) तेवढाच उजवीकडे आणि भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर उभा करा. कॅमेरा धरणाऱ्याने कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला राहायचं, उजवीकडे सरकला की त्याचं कोपर आरशात आलंच म्हणून समजा.

मग नजर. नट सवयीने आरशात स्वतःलाच बघतो आणि सीन तिथेच मरतो, कारण प्रेक्षकाला वाटतं हा भलतीकडेच बघतोय. त्याने आरशात दिसणाऱ्या लेन्सकडे बघायचं. त्याला लेन्स दिसली की लेन्सलाही तो दिसणार, वेगळी खात्री करायची गरज नाही. फोकस आरशावर नाही, चेहऱ्यावर लॉक करा, म्हणजे कॅमेरा ते आरसा अधिक आरसा ते नट, आपल्या हिशोबात 8 फुटांच्या थोडं पुढे. ऑटोवर सोडलंत तर तो आरशाची फ्रेम नाहीतर काचेवरची धूळ पकडून बसतो.

समोरून चालत आरशापर्यंत येणारा शॉट घेऊ नका, वाटेत ती काटकोनाची रेघ आरशावरून जाणारच आणि पितळ उघडं पडणार. टेबलावरून पॅन करत, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरवत, आरशावर या आणि थांबा. सिगरेट उजव्या हातात असेल तर आरशातही ती फ्रेमच्या उजव्या बाजूलाच दिसली पाहिजे, त्यामुळे हात कुठला ते आधीच ठरवा.

माझं ठाम मत, असा सीन कारण असेल तरच घ्या. त्याच वर्षीच्या 'डार्क पॅसेज'मध्ये जवळपास पहिला तास हम्फ्री बोगार्टचा चेहरा दिसत नाही, कारण तुरुंगातून पळालेला त्याचा नायक प्लास्टिक सर्जरी करून चेहराच बदलून घेतो. तिथली सुरुवातीची नायकाची नजर कथेसाठी लागतेच, 'लेडी इन द लेक'मध्ये मात्र तासाभरात ती जड व्हायला लागते. तुम्ही दोन-तीन मिनिटांवर जाऊ नका.

डिटेक्टिव्हचे संवाद शूटिंगच्या वेळचे वापरू नका, नंतर माईक तोंडाजवळ धरून वेगळे रेकॉर्ड करा, आवाज खोलीतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जवळचा वाटला पाहिजे.