"आपलाच मित्र आहे" म्हणून गप्प बसू नका : फॅशन-टेक्स्टाईलमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

फॅशन किंवा टेक्स्टाईलला ॲडमिशन घेतलेली मुलं मला नेहमी विचारतात की पोर्टफोलिओत काय टाकू, कुठलं सॉफ्टवेअर शिकू, इंटर्नशिप कुठे करू. ते सगळं जमतं हो. सॉफ्टवेअर बसून शिकलं की येतं, ड्रेपिंगला, म्हणजे कापड अंगावर टाकून आकार द्यायला, हात बसला की येतं. माणसं मिळवणं आणि टिकवणं मात्र सिलॅबसमध्ये नसतं आणि या फील्डमध्ये सगळं त्यावरच चालतं. कपडा तुमचा असला तरी कापड कुणीतरी विणलेलं असतं, कुणीतरी छापलेलं असतं, पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा नमुना, मास्टरजींनी काढलेला असतो, मग कुणी तो घालतं, कुणी मेकअप करतं, कुणी फोटो काढतं, आणि शेवटी लोकांना दिसतो तो फक्त फोटो. कपडा कपाटात पडून राहतो. हे डोक्यात पक्कं ठेवा. त्या फोटोखाली कुणाचं नाव येतं, कुणाचं गळतं आणि मित्रांतही ते आधीच बोलून कसं ठरवायचं, तेच इथे सांगतेय.

माझे जे खरे मित्र झाले ते एकाही नेटवर्किंग इव्हेंटमध्ये भेटले नाहीत. डाय लॅबमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या लॅबमध्ये, कोपरापर्यंत निळे हात घेऊन उभे असताना भेटले, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फ्रेम सरळ लागलीय का बघायला दुसरं कुणीतरी लागतं तेव्हा भेटले. पेंटिंगच्या एका मैत्रिणीने मला रंग बघायला शिकवलं. ती एकच लाल कापड सकाळी खिडकीशी धरायची, मग संध्याकाळी ट्यूबलाइटखाली धरायची आणि विचारायची, आता यात पिवळा किती दिसतोय सांग. कलर थिअरीचा पेपर मी पास झालेलेच होते, पण शेड कार्डवरचा लाल आणि अंगावरचा लाल वेगळा का दिसतो ते तिच्यामुळे कळलं. म्हणून माझं ठाम मत आहे की फॅशनच्या मुलांनी सगळा वेळ फॅशनच्याच मुलांत काढू नये, सगळ्यांचे मूडबोर्ड (कल्पना सुचायला चित्रं-कापडं चिकटवलेले बोर्ड) सारखे दिसायला लागतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि ते पैसे भरून घ्यायचं मेंटॉरशिप पॅकेज, प्लीज नको. ज्याला तुमचं काम बघून काही बोलावंसं वाटतं तो मेंटॉर, आणि असा माणूस बहुतेक वेळा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नाहीतर एखाद्या शिलाई युनिटमध्ये असतो. मला बाहीचा घेर कुठे चुकतोय हे सरांनी बोर्डवर दोनदा काढून दाखवलं होतं, मास्टरजींनी मस्लिन, म्हणजे ट्रायलचं साधं सुती कापड, माझ्याच अंगावर टाचण्यांनी लावून हात वर करायला सांगितला आणि विषय संपला.

सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथय्यांचं नाव सगळ्यांना ऑस्करमुळे माहीत असतं, पण त्याआधीचा प्रवास नवीन मुलांनी नीट बघायला हवा. कोल्हापूरची मुलगी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पेंटिंग शिकली, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली होती, सोबत मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करायची. त्यातून बुटिकसाठी कपडे करायला लागली, तिथे कपडे करून घ्यायला सिनेमातल्या बायका येत, आणि तिथून सिनेमा. कुठेही आखून दिलेली वाट नाही, एका माणसामुळे दुसरं माणूस भेटत गेलं. 'गांधी'साठीचा तो ऑस्कर १९८३ मध्ये मिळाला तोही जॉन मोलो यांच्यासोबत, दोघांची नावं. मला त्यातलं हे दोघांची नावं असणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, का ते आता सांगते.

टीएफपी शूट म्हणजे काय हे माहितीच असेल, कुणीच कुणाला पैसे देत नाही, सगळ्यांना पोर्टफोलिओला फोटो मिळतात. माझं डिग्रीचं कलेक्शन असंच शूट झालं. फोटोग्राफर जवळचा मित्र, मॉडेल त्याची बहीण, मेकअप आमच्याच ग्रुपमधल्या मुलीने केला, पहाटे उठून गेलो, खूप सुंदर दिवस होता तो, आजही मी असंच म्हणेन. काही महिन्यांनी तेच फोटो एका ब्रँडच्या जाहिरातीत दिसले. जॅकेट माझं, त्यावरचा रेझिस्ट (रंग बसू नये म्हणून लावतात तो लेप) मी हाताने लावलेला, आणि खाली नाव ब्रँडचं आणि फोटोग्राफरचं. मेकअपवालीचं नाव नाही, माझं नाही. मी त्याला फोन केला तर तो खरंच गोंधळला, म्हणाला, "अगं पण फोटो माझेच आहेत ना?" आणि त्रास याचाच जास्त झाला की कायद्याने तो बरोबर होता.

हे नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी वाचा, कारण कॉलेजमध्ये हे मला कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. फोटोचा पहिला मालक तो काढणारा माणूस, फोटोत दिसणारा कपडा कुणाचा आहे याने काही फरक पडत नाही. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा काही करार नसेल तर कलम १७ प्रमाणे मालक काढून घेणारा होतो. पण फुकटच्या शूटमध्ये मोबदलाच नसतो, मग तुम्ही कशाच्या जोरावर म्हणणार की फोटो माझे? "तू वापर की, तुझेच आहेत" असं चहा पिताना बोललेलंही चालत नाही, हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो. त्यात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर ५ वर्षं धरतात, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणजे कागद केला तरी त्यात काय लिहिलंय हे बघायचं.

कपड्याच्या बाजूने तर अजून पंचाईत. तुमचं डिझाइन २००० च्या डिझाइन्स ॲक्टखाली रजिस्टर होण्यासारखं असेल आणि तुम्ही ते केलं नसेल, तर तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने दुसऱ्या कुणी ते इंडस्ट्रियल पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढलं की त्यावरचा कॉपीराइट जातो. बरं, रजिस्टर करायचं तर ते आधी कुठे लोकांसमोर आलेलं नसावं लागतं, आणि आपण सगळे काय करतो, सॅम्पल मशीनवरून उतरलं की आधी इन्स्टावर टाकतो. हा उतावळेपणा आवरा. ज्या डिझाइनवर पुढे धंदा करायचा विचार आहे ते आधी फाइल करा, मग मिरवा.

मग करायचं काय? शूटच्या आधी ग्रुपवर एक मेसेज टाका. कोण काय करतंय, प्रत्येकाचं नाव कसं लिहायचं, फोटो कोण कुठे वापरू शकतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कुणाला पैसे देऊन फोटो हवे असले तर सगळ्यांना विचारल्याशिवाय द्यायचे नाहीत आणि पैशांची वाटणी कशी. सगळ्यांनी खाली "ओके" लिहायचं. व्हॉट्सॲपवरच्या ओकेने मालकी बदलत नाही, त्याला सह्यांचा कागदच लागतो, पण निदान काय ठरलं होतं यावरून पुढे भांडण होत नाही. काम मोठं असेल तर एका पानाचा कागद करा, साध्या मराठीत लिहिला तरी चालतो.

मित्राला वाईट वाटेल ही भीती मला कळते, खरंच कळते. मला स्वतःला तो पहिला मेसेज टाकताना हात जड झाला होता. पण चांगली माणसं रागावत नाहीत, उलट त्यांचंही कुठेतरी असंच काही झालेलं असतं आणि कुणीतरी विषय काढला म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटतं. रागावतो तो माणूस कसा आहे हे आधीच कळलं, ते बरंच. होमाई व्यारावालांसारख्या बाईंचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जायचे. आज त्यांना आपण देशाची पहिली महिला फोटोजर्नलिस्ट म्हणतो. नाव गळणं इतकं सहज होतं आणि बहुतेक वेळा त्यामागे कुणी दुष्ट नसतं, नुसतं कुणी बोललेलं नसतं.

हे सगळं मला नीट उमगलं ते कच्छमध्ये. भुजजवळ अजरखपूर आहे, २००१ च्या भूकंपानंतर वसलेलं. अजरख म्हणजे लाकडी ब्लॉकने केलेली छपाई, ती करणारी खत्री मंडळी आधी धमडक्याला असायची, भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले. का बिघडतात ते तिथे डोळ्यांनी दिसतं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, ते पिवळसर होतं. मग गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून आंबवलेलं असतं, त्याला चिंचोक्याच्या पिठाने दाट करून ब्लॉकने छापलं की हिरड्याला लोह लागतं आणि बघता बघता रेघ काळी होते. जी गोष्ट छापताना हवी तीच धुण्याच्या पाण्यात असली तर सगळं कापडच काळवंडणार ना. म्हणून चांगल्या पाण्यासाठी अख्खं नवीन गाव.

तर मी तिथे एका छपाई करणाऱ्या चाचांचा व्हिडिओ घेत होते. ते ब्लॉक ठेवायचे, मुठीने एक ठोका द्यायचे, उचलायचे, परत कोपऱ्यावरचा ठिपका जुळवायचे. मान वर न करता त्यांनी विचारलं, "इसमें नाम किसका लिखोगे बेटा?" मी म्हटलं तुमचं. तर म्हणाले, मग पूर्ण लिही, ब्लॉक पेथापूरच्या कारागिराने कोरलाय, डिझाइन माझ्या आजोबांकडून आलंय, हात माझा आहे आणि धुतलंय माझ्या पुतण्याने. क्रेडिट लाइन इतकी स्वच्छ मी एकाही फॅशन स्टायलिस्टकडून ऐकली नव्हती. तेव्हापासून कुठल्याही गावाला गेले की वहीत हेच लिहिते, कोणी कोरलं, कोणी रंगवलं, कोणी धुतलं. आणि एका दिवसात चार गावं दाखवणाऱ्या क्राफ्ट टूर घेऊच नका. एका अंगणात दिवसभर बसा, मोबाइल पिशवीत ठेवा, दुपारनंतर माणसं आपणहून बोलायला लागतात.

मोबाइलशिवाय बघायची सवय हवी असेल तर अहमदाबादच्या कॅलिको या कापडांच्या म्युझियमला जा. आधी बुकिंग करावं लागतं, आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे झक मारत स्केच करावं लागतं आणि तेच लक्षात राहतं. येवल्याला गेलात तर पैठणीचा पदर उलटा करून बघा, मागच्या बाजूलाही मोर तितकाच स्वच्छ असतो, आणि विणणाऱ्या ताईंना विचारा की या मोराला रंगीत धाग्यांच्या किती कांड्या लागल्या, मग गप्पा थांबत नाहीत. कोची बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन २०१२ पासून भरतंय, त्यात आर्टच्या विद्यार्थ्यांचं वेगळं स्टुडंट्स बिएनाले असतं, तिथे नुसतं बघायला न जाता कुणाच्या तरी मांडणीत हात लावायला मिळतोय का विचारा, स्टेपलर धरायला मिळाला तरी चालेल.

पहिल्या वर्षाला असाल आणि अजून एकही असा मित्र नसेल तर घाबरू नका, मलाही बराच उशीर झाला होता. तुम्ही दुसऱ्याच्या कामाला आधी हात लावा, कुणाचं कापड धुऊन द्या, कुणाचा लाइट धरा. आणि शूटची तारीख ठरलीच असेल तर तो मेसेज आजच टाका, त्यात मेकअप करणाऱ्या मुलीचं आणि मास्टरजींचं नाव पूर्ण स्पेलिंगसकट लिहा, त्यांचीच नावं सगळ्यात आधी गळतात.