नव्या ब्रँडची हॉकी स्टिक घेताना कडकपणा कसा जुळवायचा

धोबी तलावच्या स्पोर्ट्सच्या दुकानात स्टिक हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्बन किती? जुनी स्टिक ७० टक्क्यांची होती म्हणून नवीही ७० टक्क्यांचीच घेतली जाते, फक्त ब्रँड वेगळा. मग पहिल्याच प्रॅक्टिसला बॉल अडवायला जावं, तर तो स्टिकला लागून हातभर पुढे उसळतो. किंवा उलट होतं. हिट नेहमीसारखीच मारली, आवाजही बरा आला, पण बॉल सर्कलपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत, पोचता पोचता मरतो. टक्का तोच आणि स्टिक मात्र परकी, असं का होतं ते आधी समजून घेतलं पाहिजे, कारण चांगली कॉम्पोझिट (कार्बन, ग्लास फायबरचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेली) स्टिक स्वस्त नसते आणि वापरलेली कुणी परत घेत नाही.

बर्फावरच्या हॉकीत स्टिकवर फ्लेक्सचा आकडा छापलेला असतो. ८५ लिहिलं असेल तर ती एक इंच वाकवायला साधारण ८५ पौंडांचा जोर लागतो. आपल्या मैदानी हॉकीच्या स्टिकवर असा आकडा नसतो. त्याची जागा आपण मनातल्या मनात कार्बनच्या टक्क्याला देऊन टाकली आहे, आणि चूक नेमकी तिथे होते. टक्का फक्त एवढं सांगतो की स्टिकमधल्या धाग्यांपैकी कार्बन किती आहे. बाकी ग्लास फायबर असतं, थोडं अॅरामिड (केव्हलरसारखा चिवट धागा) असतं. कडकपणा मात्र धागे कुठल्या दिशेने घातलेत, आतल्या पोकळ नळीची भिंत किती जाड आहे, शाफ्टचा (दांड्याचा) आकार कसा आहे, कार्बन कुठल्या प्रतीचा आहे आणि धागे एकत्र धरणारं रेझिन कुठलं आहे या सगळ्यांवर मिळून ठरतो. पातळ भिंतीची ९० टक्के कार्बनची स्टिक जाड भिंतीच्या ७० टक्केवालीपेक्षा नरम निघू शकते.

टक्का अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. एकाच ब्रँडच्या एकाच मालिकेत तो खरी दिशा दाखवतो. ओसाका आपल्या व्हिजन मालिकेत ८५, ५५, २५ असे आकडे नावातच देते; तिथे ५५ वरून ८५ वर गेलात तर स्टिक कडक लागणार हे नक्की. ग्रिफॉनमध्ये टूर, क्रोम आणि टाबू अशी उतरंड आहे. आदिदासमध्ये नावापुढचा आकडा जितका लहान तितकी स्टिक वरच्या दर्जाची. पण ओसाकाच्या ५५ ला ग्रिफॉनमधली जोडी कोणती, याचं उत्तर कुठल्याही लेबलवर मिळत नाही. ते काढावं लागतं, आणि त्याची सुरुवात हातातल्या जुन्या स्टिकपासून होते.

जुन्या स्टिकची चार मापं घरी घ्या. लांबी हँडलच्या टोकापासून हेडच्या (खालच्या वळलेल्या भागाच्या) तळापर्यंत मोजा. मोठ्यांच्या स्टिक बहुधा ३६.५ किंवा ३७.५ इंचांच्या असतात, म्हणजे साधारण ९२.७ आणि ९५.३ सेंमी. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा, आणि ग्रिपसकट करा. ग्रिपवर दुसरी ग्रिप चढवलेली असेल तर ते लिहून ठेवा, कारण दुकानातल्या नव्या स्टिकवर ती नसणार. लेबलवरच्या 'लाइट' आणि 'मीडियम' या शब्दांवर जाऊ नका. एकाचं मीडियम ते दुसऱ्याचं लाइट. ग्रॅमचा आकडा धरा.

तिसरं माप तोलाचं. स्टिक एका बोटावर आडवी धरून ती कुठे स्थिर राहते ते पाहा, तिथे पेन्सिलने खूण करा आणि हेडच्या तळापासून तिचं अंतर मोजा. नव्या स्टिकमध्ये हा बिंदू सेंटीमीटरभर जरी हेडकडे सरकला, तरी स्टिक जड वाटते, वजन तेच असलं तरीही. खूपदा खेळाडू म्हणतो "ही फार कडक आहे" आणि प्रत्यक्षात ती फक्त पुढून जड असते.

चौथं माप बोचं, म्हणजे स्टिकच्या कमानीसारख्या वाकाचं, आणि यात घाई करू नका. सपाट बाजू खाली करून स्टिक टेबलावर ठेवा. स्टिक आणि टेबल यांच्यामध्ये कमान दिसेल. स्टीलची पट्टी उभी धरून सगळ्यात मोठी फट कुठे आहे ते शोधा. दोन आकडे लिहा: फट किती मिलिमीटर आणि ती हेडच्या तळापासून किती अंतरावर. नियमाप्रमाणे फट २५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही आणि ती तळापासून २०० मिमीच्या आत येऊ शकत नाही. बोची नावं ब्रँडागणिक वेगळी आहेत. ग्रेजमध्ये अल्ट्राबो, डायनाबो, जंबो. टीकेमध्ये लेट बो. ओसाकामध्ये लो बो आणि प्रो बो. नावांवरून तुलना करायला गेलात तर हमखास फसाल. मिलिमीटरमधले हे दोन आकडे जुळवले की भाषा एकच होते.

आता कडकपणा. घरच्या घरी तो बऱ्यापैकी मोजता येतो. गादी नसलेली, सारख्या उंचीची दोन लाकडी स्टुलं घ्या. स्टिकच्या सपाट बाजूवर, हेडचं वळण संपतं तिथून वर, ७० सेंमी अंतरावर दोन खुणा करा आणि त्या दोन्हींमध्ये शिवणाचा दोरा ताणून टेपने पक्का चिकटवा. धनुष्याला दोरी बांधल्यासारखं दिसेल. स्टिक सपाट बाजू खाली ठेवून स्टुलांवर अशी टेकवा की आधार खुणांच्या अगदी बाहेर येतील. मधोमध दोरा आणि स्टिक यांच्यातलं अंतर मोजा. मग रुंद कापडी पट्ट्याने १० लिटर पाणी भरलेली बादली मधोमध टांगा. पट्टा दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडा, दोऱ्याला लागू देऊ नका. बादली हलायची थांबली की पुन्हा मोजा. जितकं अंतर कमी झालं तितकी स्टिक वाकली. हा फरक एखाद-दोन मिलिमीटरचाच असतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी हवी आणि तीन वेळा मोजून मधला आकडा घ्यावा. कडेला तडा गेलेल्या स्टिकवर हे करू नका. पातळ नाड्यानेही टांगू नका, सगळा भार एका रेषेवर येतो.

दुकानात बादली टांगू देणार नाहीत, हे उघड आहे. पण ज्या ब्रँडचा विचार आहे तीच स्टिक संघातल्या कुणाकडे असते. ती एका रात्रीसाठी मागून घ्या, त्याच स्टुलांवर, त्याच अंतरावर, तेवढंच पाणी भरून मोजा. या आकड्याला बाहेर काही अर्थ नाही. त्याचा उपयोग आपल्या दोन स्टिकांच्या तुलनेपुरताच, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

इथे एक गोष्ट सुटते आणि ती फार महत्त्वाची आहे. कॉम्पोझिट स्टिक वापरून नरम पडते. हिटामागून हिट घेतल्यावर रेझिनमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा जातात, आवाज टणकचा ठप्प होतो, आणि मुलं म्हणतात स्टिक मेली. दोन मोसम वापरलेल्या स्टिकशी नवी ताडून पाहिली, तर अगदी तेच मॉडेलसुद्धा कडक लागेल. म्हणून नवी थोडी जास्त कडक भरली तर ती चुकीची समजू नका. जुनी नवी असताना कशी होती ते आठवा. त्याच मॉडेलची कमी वापरलेली स्टिक कुणाकडे मिळाली तर मोजमाप तिचंच घ्या.

मापं जुळली तरी शेवटचा शब्द हातांचा. त्यासाठी मैदानावर आपली जुनी आणि मागून घेतलेली नवी अशा दोन्ही स्टिक घेऊन जा. जोडीदाराला १० मीटरवर उभं करा आणि सारख्या जोराने पुश (स्टिक मागे न नेता बॉल ढकलणं) मारायला सांगा. २० बॉल जुन्या स्टिकने अडवा, २० नव्याने, मग पुन्हा २० जुन्याने. अडवल्यावर किती बॉल स्टिकच्या लांबीच्या आत राहिले ते मोजा. कडक स्टिकवर बॉल थांबवताना हात किंचित मागे घ्यावे लागतात. ग्रिप घट्ट आवळली की बॉल भिंतीवर आपटल्यासारखा परत जातो. दहाएक बॉलनंतर हात आपोआप सैल पडत असतील आणि आकडा सुधारत असेल, तर ती स्टिक तुम्हाला जमेल. विसाव्या बॉललाही तेवढेच उसळत असतील, तर ती तुमच्यासाठी कडक आहे. मग काही हिट मारा. फेसच्या (सपाट बाजूच्या) मधोमध लागलेल्या हिटने झिणझिण्या येत नाहीत; त्या येतात बॉल हेडच्या टोकाकडे किंवा वर शाफ्टकडे लागला की. अशा चुकलेल्या हिटला अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात कळ येत असेल, तर थोडी कमी कडक किंवा जास्त अॅरामिड असलेली स्टिक बघा. अॅरामिड कंप शोषून घेतं.

ही चाचणी कुठे करता, यानेही फरक पडतो. चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमच्या टर्फवर पाणी मारलेलं असताना बॉल सपाट आणि वेगात येतो, तिथे स्टिकचा खरा स्वभाव कळतो. शाळेच्या मातीच्या मैदानावर बॉल मुळातच उड्या मारत येतो, त्यामुळे स्टिक उसळवते की जमीन, हे समजत नाही. सामने टर्फवर आणि सराव मातीवर असेल, तर निदान एकदा तरी टर्फवर चाचणी करून मगच पैसे द्या. जूनमध्ये मातीचा चिखल झाल्यावर तर ही चाचणी करूच नका.

निवडताना क्रम असा ठेवा: लांबी, मग वजन आणि तोल, मग बो, आणि सगळ्यात शेवटी कडकपणा. ब्रँड बदलताना पहिल्या तीन गोष्टी जुन्याच ठेवल्या तर कडकपणातला फरक हाताला स्वच्छ कळतो आणि आठवड्याभरात अंगवळणी पडतो. सगळं एकदम बदललं की बिघडलं कशामुळे तेच कळत नाही.

सर्वात जास्त नुकसान होतं ते कडकपणा आणि बो एकाच वेळी वाढवल्याने. ड्रॅग फ्लिक (पेनल्टी कॉर्नरला बॉल स्टिकने ओढत नेऊन गोलवर फेकणं) बघून मुलं सरळ स्टिकवरून २५ मिमीच्या लो बोवर जातात, तीही वरच्या दर्जाच्या कडक मॉडेलवर. लो बोमध्ये वाक हेडच्या जवळ असल्यामुळे हात जुन्याच जागी ठेवले की फेस किंचित आकाशाकडे उघडतो आणि उभी हिट जमीन सोडते. त्यात कडक स्टिकचा जोर मिळाला की बॉल गुडघ्याच्या उंचीवर समोरच्याच्या अंगावर जातो. अंपायर शिट्टी वाजवणार ते सोडा, इजा होते. बो बदलायचाच असेल तर बॉल पायाच्या थोडा मागे घ्या, फटक्याच्या क्षणी हात बॉलच्या पुढे ठेवा आणि हिट सपाट बसेपर्यंत समोर माणूस उभा करू नका.

कुणाला किती कडक? पेनल्टी कॉर्नरवर मारणारा आणि मागून लांब हिट काढणारा बचावपटू यांना कडक स्टिकचा फायदा दिसतो. मधल्या फळीत दर मिनिटाला बॉल थांबवून वळवावा लागतो, तिथे मधला कडकपणा जास्त कामाचा. १२-१३ वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र कमी कार्बनची, ग्लास फायबर जास्त असलेलीच स्टिक द्या, आईवडिलांना महागडी परवडत असली तरी. १५६ ते १६३ ग्रॅमचा तो टणक बॉल कडक स्टिकवरून उसळत राहिला की मूल ट्रॅप, म्हणजे बॉल अडवणं, शिकत नाही, बॉलला घाबरायला शिकतं. मनगटात जोर आणि हातात नरमपणा आला की वर चढवायला वेळ भरपूर आहे.

पैसे देण्याआधी दुकानातच दोन-तीन गोष्टी बघा. स्टिकवर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची मान्यता छापलेली असावी. वजन ७३७ ग्रॅमच्या आणि लांबी १०५ सेंमीच्या आत असतेच, पण ग्रिपवर ग्रिप आणि टेप चढवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की स्टिक ५१ मिमी व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते. कडांवरून बोट फिरवा; धागे वर आलेले किंवा रंगाखाली फुगवटा लागला तर दुसरी मागा. हँडल धरून हेडवर बॉल हलकेच आपटा. आत काही खुळखुळलं तर ती घेऊ नका.

घेतल्यावर पहिले दोन आठवडे जुनी आणि नवी आलटून पालटून वापरू नका, हात गोंधळतात. सुरुवातीला पुश आणि ट्रॅप, मग स्लॅप (स्टिक जमिनीलगत फिरवून मारलेला फटका), मग पूर्ण ताकदीची हिट. मे महिन्यात स्टिक बंद गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नका, उष्णतेने रेझिन मऊ पडतं आणि मेहनतीने जुळवलेला कडकपणा जातो. पावसात खेळून आल्यावर ग्रिप उलगडून वाळवा, नाहीतर ओल आत राहून ती घसरायला लागते, खेळाडू मूठ जास्त आवळतो आणि बॉल पुन्हा उसळू लागतो. जुनी स्टिक पिशवीत राहू द्या. मॅचमध्ये नवी मोडली तर त्याच लांबीची, त्याच बोची स्टिक हाताशी असते.