रिमांड होमऐवजी काही दिवस आपल्या घरी: मूल ठेवून घेण्याआधी आणि नंतर

मी एसटीत कंडक्टर होतो, गुहागरकडच्या गाड्यांवर. निवृत्त झाल्यावर घरात मी, बायको आणि रिकामी पडवी. त्या पडवीत अधूनमधून बाल न्याय मंडळाच्या आदेशाने एखादा मुलगा राहायला येतो. कुणी मोबाइल उचललेला असतो, कुणी दुसऱ्याची मोटरसायकल फिरवून आणलेली असते. चौकशी चालू असेपर्यंत किंवा घरच्यांची सोय लागेपर्यंत राहतो आणि जातो. आपल्यालाही हे जमेल का, असं ओळखीतले विचारतात. जमेल, पण तयारी आधी हवी.

कायदा थोडा माहीत असू द्या. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत त्याला मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यात निदान एक बाई. कलम १२ सांगतं की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. जामीनदार घेऊन, जामीनदाराशिवाय, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली, नाहीतर ‘योग्य व्यक्ती’च्या हवाली. सोडल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या नादी लागेल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं वाटण्याला आधार असला, तरच निरीक्षणगृह, म्हणजे आपण रिमांड होम म्हणतो ते. आणि ती कारणं मंडळाला लिहून ठेवावी लागतात. योग्य व्यक्ती म्हणजे चौकशी करून मंडळाने किंवा बाल कल्याण समितीने मान्यता दिलेलं तुमच्याआमच्यातलं कुणीही. बोलताना सगळे ‘फिट पर्सन’च म्हणतात.

घरातून पळून आलेलं किंवा बेवारस सापडलेलं मूल मंडळाकडे जात नाही, बाल कल्याण समितीकडे जातं. अशा वेळी १०९८ ला फोन करायचा. परस्पर घरी आणून ठेवायचं नाही.

आपल्याकडे अडतं ते जामीनदारापाशी. आईबाप मुंबईत चाकरीला, गावात म्हातारी आजी. तिला रत्नागिरीपर्यंत आणणार कोण? त्याहून अवघड नेपाळी मुलांचं. आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्यांची, बोटीवर खलाशी असणाऱ्यांची ही पोरं. आगोट लागली, म्हणजे पाऊस तोंडावर आला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, की माणसं गावी निघून जातात आणि मुलामागे उभं राहायला कुणी उरत नाही. जामीन मंजूर झालेला असतो आणि पोरगा आतच बसलेला. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा: जामिनाची अट ७ दिवसांत पुरी झाली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावंच लागतं. त्या दिवशी वकिलाने ‘जामीनदाराऐवजी योग्य व्यक्ती’ असं मागायचं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

पण मागताना योग्य व्यक्ती तयार असायला हवी ना! म्हणून पावसाआधी घर शाकारून घेतो तसं हे आधी करून ठेवायचं. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन अर्जाचं विचारा. चारित्र्याची पडताळणी होते, घर बघायला माणूस येतो. घरातल्या प्रत्येकाला विचारूनच अर्ज करा. माझी बायको पहिल्यांदा ‘नको’ म्हणाली होती, आणि मी महिनाभर तो विषय काढला नाही. तक्रारदार भावकीतला असेल तर सरळ नाही म्हणा. घरात दारू पिणारं माणूस असेल तरीही. मुलीची जबाबदारी घरात खंबीर बाई असल्याशिवाय घेऊ नये, असं माझं मत.

आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय मुलाला घेऊन निघू नका. त्यात मुदत, अटी आणि पुढची तारीख आहे ना, ते तिथेच वाचा. परिवीक्षा अधिकाऱ्याचा नंबर घ्या.

पैशाच्या कपाटाला कुलूप तो येण्याआधीच लावलेलं असू दे. त्याच्यादेखत लावलंत, की पहिल्याच दिवशी त्याला चोर म्हटल्यासारखं होतं. त्याच्या खोलीला मात्र बाहेरून कडी नको. आल्यावर आंघोळीला गरम पाणी, मग पेज किंवा भात नि कुळथाचं पिठलं, आणि झोप. गुन्ह्याबद्दल चकार शब्द नाही, त्या रात्रीही नाही आणि नंतरही नाही. तो बोलला तर मंडळापुढे तुम्हालाच विचारतील काय म्हणाला ते. ‘हे वकिलाला सांग’ एवढं म्हणून विषय बदलायचा. उपदेश तर नकोच; तो पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी करून झालेला असतो.

शेजाऱ्यांचं काय? कोकणात गडग्यापलीकडून विचारणा होणारच, ‘कोणाचो रे झील?’, म्हणजे कुणाचा मुलगा. उत्तर एकच, पाहुणा आहे. मुलाची ओळख छापणं किंवा पसरवणं कलम ७४ खाली गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणपतीतला फोटो टाकायला माणूस मागेपुढे पाहत नाही, म्हणून सांगतो, त्याच्यासकट फोटो नको.

त्याला कामाला जुंपू नका. घरातली भांडी, अंगण, माडाला पाणी, हे आपली मुलं करतात तेवढं ठीक. बागायतदार म्हणेल, दोन दिवस आंबे उतरवायला पाठवा. बोटीवाला म्हणेल, एक फेरी येऊ दे. नाही म्हणायचं. आणि हात उगारायचा नाही. ताब्यातल्या मुलाला छळलं तर कलम ७५ आहे.

मला वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांचा हिशेब, लिहायची सवय, म्हणून रोज रात्री चार ओळी लिहितो: काय खाल्लं, झोपला कधी, काय वाचलं, कुणाचा फोन. परिवीक्षा अधिकारी २ आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो, तेव्हा या ओळी कामाला येतात. जसं घडलं तसं लिहा. चांगलं रंगवून लिहिलेलं कुणी खरं मानत नाही.

तारीख चुकवायची नाही. आमच्याकडून तवसाळ-जयगड फेरीबोटीने रत्नागिरी जवळ, पण समुद्र खवळलेला असला तर चिपळूणवरून वळसा. मंडणगडकरांनी तर आदल्या दिवशीच निघावं. मुंबईला बापाकडे दोन दिवस न्यायचा असला तरी आधी मंडळाला विचारा.

पळाला तर? शोधत बसू नका, लगेच पोलीस ठाण्यात आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवा. पळाला म्हणून त्याच्यावर वेगळा खटला होत नाही. हे त्यालाही पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा, म्हणजे गेला तरी परत यायची त्याला भीती वाटत नाही.

मुदत संपली की आदेशात ज्याचं नाव असेल त्याच्याच हवाली करा, सख्खा काका दारात आला तरी. सोबत आणलेले कपडे, फोन, पैसे, औषधं यांची यादी करून घेणाऱ्याची सही घ्या. तुमचा नंबर मुलाकडे असू दे. आपणहून मात्र फोन करू नका.