ड्रुकएअरने भूतानला जायचंय? मग तिकीट काढायच्या आधी एवढं बघा

भूतानला विमानाने जाणार असाल तर आधी ड्रुकएअर या तिथल्या विमान कंपनीचं वेळापत्रक बघा आणि मग सुट्ट्या टाका, उलटं करायला गेलात की गोंधळ होतो. सगळं अडतं ते भूतानमधल्या पारोच्या विमानतळावर, विमान तिथेच उतरतं. २,२०० मीटरच्या वर असलेली अरुंद दरी, चारी बाजूंनी डोंगर, पायलटला डोंगर डोळ्यांनी नीट दिसल्याशिवाय उतरता येत नाही आणि त्यासाठी वेगळं ट्रेनिंग लागतं, म्हणून सगळा कारभार दिवसाउजेडी, त्यात दुपारी दरीत वारा सुटतो म्हणून बऱ्याचशा फ्लाइट सकाळीच. भूतानची ही सरकारी कंपनी तशी छोटी, विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे एक फ्लाइट चुकली तर तासाभरात दुसरी पकडू असला हिशोब इथे चालत नाही.

मुंबई-पुणेवाल्यांनी माझं ऐकाल तर कोलकात्याहून जा. तिथे डोमेस्टिक आणि इंटरनॅशनल एकाच बिल्डिंगमध्ये आहे, दिल्लीत मात्र तुमचं मुंबईचं विमान दुसऱ्याच टर्मिनलला उतरलं तर बॅगा घेऊन इंटरनॅशनलचं टी-३ टर्मिनल गाठेपर्यंत घाम फुटतो. कोलकाता हा ड्रुकएअरचा सगळ्यात जुना रूटही आहे, १९८३ ला १८ सीटच्या डॉर्नियर विमानावर सुरुवात तिथूनच झाली, आता बहुतेक एअरबस असतात. दार्जिलिंग-सिक्कीम जोडून करायचं असेल तर सिलिगुडीजवळचं बागडोगरा मस्त, पण तिथून रोज फ्लाइट नसते, वार बघून घ्या.

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग थेट पारोला जाईल असं धरून चालू नका, ती उतरवून घ्यायची आणि परत चेक-इन करायची. म्हणून जिथून पारोचं विमान पकडायचंय तिथे आदल्या संध्याकाळीच पोचा आणि रात्र तिथेच काढा. हॉटेलचे चार पैसे जातील पण पहाटे जीव टांगणीला लागणार नाही.

कागदपत्रं. आपल्याला व्हिसा लागत नाही, परमिट लागतं, आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, तेही ओरिजिनल. आधार चालत नाही! दरवेळी कोणीतरी काउंटरवर आधार काढून हुज्जत घालत असतं आणि मागे लाइन खोळंबते. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला घ्या. शिवाय दर मोठ्या माणसामागे दर रात्रीचे १,२०० रुपये एसडीएफ, म्हणजे पर्यटकांकडून घेतली जाणारी सरकारी फी, भरावे लागतात, तिकिटात ते धरलेले नसतात, चौघांचं बजेट करताना आधीच मांडा.

आता सीट. जाताना डावीकडची खिडकी, म्हणजे ए, येताना उजवीकडची, एफ. पंखावरच्या रांगा टाळा, नाहीतर कांचनजंगेच्या जागी पंखाचा पत्रा बघत बसाल. दिल्लीहून काठमांडूमार्गे जाणारी मिळाली आणि आकाश साफ असलं तर एव्हरेस्टसुद्धा दिसतं. शेवटची काही मिनिटं फोन बाजूला ठेवून नुसतं बघा, विमान दरीत शिरतं, एकदा या अंगावर एकदा त्या अंगावर कलतं, डोंगरावरची घरं खिडकीच्या लेव्हलला येतात, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यासुद्धा दिसतात, आणि अजून वळतंय वळतंय म्हणेपर्यंत चाकं टेकलेली असतात. शेजारी घाबरणारं माणूस असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की इथे असंच उतरतात.

येताना जास्त सांभाळा. पारोत ढग बसले तर फ्लाइट लेट होते, कधी दुसऱ्या दिवसावर जाते, पावसाळ्यात तर हे धरूनच चाला. त्यामुळे पारोहून निघाल्या दिवशीच मुंबईचं स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, मध्ये एक रात्र सोडा. शेवटचा मुक्काम पारोतच ठेवा, थिंफूहून पहाटे उठून तास-सव्वातासाचा घाट कशाला. आणि हो, भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, मोबाइलवर वेळ आपोआप बदलली नसेल तर अलार्म लावताना ते बघून घ्या.